चिंबोराझो रुग्णालयातले नव्वद टक्के रुग्ण खरंच वाचले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरातलं चिंबोराझोचं छोटं वैद्यकीय संग्रहालय तुम्ही पाहिलंत. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याचं हे रुग्णालय तिथल्या एका टेकडीवर होतं. तिथे 76,000 हून जास्त रुग्ण आले आणि त्यातले जवळपास 90 टक्के जगले, असं तुम्हाला कळलं. मग दुसरीकडे कुठेतरी मृत्युदर 20 टक्के असल्याचं वाचलंत. जंतूंचा पत्ता नव्हता, शल्यविशारद न धुतलेल्या हातांनी कापाकापी करत होते, मग हे कसं शक्य आहे? हा दक्षिणेच्या अभिमानाचा फुगा आहे, की डॉक्टर खरोखरच इतके चांगले होते?

माझ्या मते दोन्ही नाही. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, तो आकडा कशाचा आहे. दुसरा, त्या टेकडीवर माणसं कशामुळे जगत होती. जुन्या लष्करी रुग्णालयांच्या नोंदी वाचणारा माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी सुरुवात करत नाही. तो आधी दाखल्याची नोंदवही बघतो, मग मुदपाकखाना. चिंबोराझोच्या बाबतीत तर हा क्रम फारच उपयोगी पडतो.

आधी आकडा. सर्वसाधारणपणे मान्य असलेली आकडेवारी अशी: 1861 च्या ऑक्टोबरपासून 1865 च्या एप्रिलपर्यंत सुमारे 78,000 दाखले, आणि मृत्यू 6,500 ते 8,000 च्या दरम्यान. भागाकार केला की 8.3 ते 10.3 टक्के येतात. तुम्ही वाचलेला 20 टक्क्यांचा आकडा जुन्या लिखाणातून फिरत आलेला आहे. या रुग्णालयाबद्दलचे बरेचसे ठसठशीत आकडे, म्हणजे 76,000 रुग्ण, त्यात 17,000 जखमी, गायी किती, शेळ्या किती, हे डॉ. गिल्डरस्लीव्ह यांच्या 1904 मधल्या भाषणातून आले आहेत. ते तिथेच काम केलेले डॉक्टर होते, पण बोलत होते युद्धाच्या चाळीस वर्षांनंतर, जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्यात. असे आकडे खोटे असतात असं नाही, पण ते गोल असतात आणि एका बाजूला झुकलेले असतात.

आता त्या भागाकाराच्या खालच्या आकड्याकडे बघा. ते 78,000 ‘दाखले’ आहेत, माणसं नव्हेत. एकच शिपाई मे महिन्यात हगवणीने आला, जूनमध्ये पलटणीत परतला, जुलैत गोळी लागून पुन्हा आला, तर तो दोनदा मोजला गेला. समजा सरासरी एक माणूस 1.3 वेळा दाखल झाला (हे फक्त उदाहरण आहे), तर माणसं उरतात 60,000. मृत्यू 7,000 धरले तर दाखल्यांमागे दर 9 टक्के, पण माणसांमागे 11.7 टक्के. एकही कागद खोटा न करता आकडा एवढा हलतो.

दुसरी गळती रजेची. जो बरा होत होता पण लढाईच्या कामाचा नव्हता, त्याला घरी पाठवलं जाई. घरी जाऊन तो महिन्याभरात क्षयाने किंवा जुनाट हगवणीने गेला, तर नोंदवहीत तो ‘रजेवर’ असाच राहतो. दुसऱ्या गावच्या रुग्णालयात हलवलेल्यांचंही तेच. म्हणून अशी नोंदवही वाचताना मी मृत्यूचा रकाना सगळ्यात शेवटी बघतो. आधी ‘सेवेत परत’, ‘हलवला’, ‘रजा’, ‘पळाला’, ‘सेवामुक्त’ हे रकाने जोडायचे आणि त्यांची बेरीज दाखल्यांशी जुळते का ते पाहायचं. जुळली नाही, तर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चिंबोराझोपर्यंत कोण पोचत होतं? पोटात गोळी लागलेला शिपाई बहुधा रणांगणावर किंवा मागच्या तंबूतल्या रुग्णालयात मरत असे. रेल्वेने रिचमंडला आणलेले जखमी पुढे स्टेशनाजवळच्या 9 नंबरच्या रुग्णालयात उतरवले जात. त्याचं कामच मुळी उतरवून घेणं आणि वाटून देणं. हलवण्याच्या पलीकडे गेलेले तिथेच संपत. देवीचे रुग्ण शहराबाहेर हॉवर्ड्स ग्रोव्हला वेगळे ठेवले जात. म्हणजे टेकडीवर येणारा माणूस दोन-तीन चाळण्यांतून गाळून आलेला असे. शिवाय 76,000 पैकी 17,000 जखमी हा आकडा मानला, तर चौघांतले तिघे जखमी नव्हतेच. ताप, हगवण, गोवर, अशक्तपणा, सांधेदुखी, कावीळ. यात विषमज्वर आणि न्यूमोनिया मारक, पण बाकीचे बरेचसे आजार विश्रांती आणि अन्न मिळालं तर आपोआप उतरणारे.

तेव्हा 10 टक्के ‘कमी’ की ‘जास्त’, हे तुलना कशाशी करता त्यावर आहे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या ब्रिटिश रुग्णालयात 1855 च्या फेब्रुवारीत मृत्युदर 42 टक्क्यांच्या वर गेला होता. त्याच्याशेजारी ठेवलं तर चिंबोराझो स्वर्ग. पण रिचमंडमध्येच सॅली टॉम्पकिन्स या बाईंनी एका घरात चालवलेल्या रॉबर्टसन रुग्णालयात 1,333 रुग्णांपैकी 73 दगावले, म्हणजे साडेपाच टक्के. म्हणून त्या बाई चिंबोराझोच्या डॉक्टरांहून दुप्पट कुशल होत्या, असं कोणी म्हणणार नाही. छोटी जागा, मोजके रुग्ण, सेवेला भरपूर माणसं, आणि दाखल होणारेही वेगळे. चिंबोराझोला लावलं जाणारं ‘जगातलं सर्वात मोठं रुग्णालय’ हे बिरुदही जपूनच वापरावं. शहराच्या पश्चिमेचं विंडर रुग्णालय त्याच्याच तोडीचं होतं.

एवढी काटछाट केल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं. स्कुटारीसारखी कत्तल इथे झाली नाही, हे खरंच. त्याचं कारण शस्त्रक्रियेत शोधू नका.

पहिलं कारण जागा. टेकडीच्या दक्षिणेला खाली जेम्स नदी, बाजूंना खोल घळी, वर सपाट पठार. पावसाचं पाणी साचत नाही, वारा अडत नाही, झरे आणि विहिरी हाताशी. तिथे सैनिकांसाठी हिवाळी बराकी उभ्या होत्या, सैन्य पुढे गेलं आणि त्या रिकाम्या पडल्या. दक्षिणेचे सर्जन जनरल, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख, सॅम्युअल प्रेस्टन मूर यांनी त्यांचं रुग्णालय करायचं ठरवलं आणि रिचमंडच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जेम्स मॅकॉ यांना प्रमुख नेमलं. ‘चिंबोराझो’ हे नाव एक्वाडोरमधल्या ज्वालामुखीवरून टेकडीला आधीच पडलेलं होतं.

बराकी म्हणजे लाकडी, एकमजली, चुन्याने पांढऱ्या केलेल्या, साधारण 100 फूट लांब आणि 30 फूट रुंद. अशा सुमारे 90 इमारती वॉर्ड म्हणून वापरात होत्या, आणि मुदपाकखाने, कोठारं, धुलाईघरं धरून एकूण 150 च्या आसपास. वॉर्डात 40 खाटा धरल्या तर एका रुग्णाच्या वाट्याला 75 चौरस फूट येतात. लढाई पेटली की 60 जण कोंबले जात, तेव्हा 50. दोन इमारतींमध्ये रस्ता सोडलेला. बऱ्या होत चाललेल्यांना तंबूत हलवत, एका तंबूत आठ-दहा जण. जंतूंची कल्पना कोणालाच नव्हती. सगळे ‘दूषित हवे’ला घाबरत. पण त्या चुकीच्या समजुतीतून निघालेली कृती बरोबर पडली: खिडक्या उघड्या, खाटा लांब, एका इमारतीतला आजार शेजारच्या इमारतीत सहज जात नाही. शहरात तंबाखूच्या वखारींमध्ये थाटलेली रुग्णालयं याच्या नेमकी उलट होती.

वॉर्डांचे पाच गट केले होते. प्रत्येक गट म्हणजे स्वतंत्र रुग्णालयच, त्याचा वेगळा मुख्य शल्यविशारद. शिपायांना शक्यतो त्यांच्या राज्यानुसार गटात टाकत. ही सोय वाटते त्याहून महत्त्वाची होती. गावाकडची माणसं, पत्रं, घरून येणारी खोकी योग्य खाटेपर्यंत पोचत, आणि तापात बरळणाऱ्या माणसाचं नाव-गाव सांगणारा कोणीतरी शेजारी असे. ‘अनोळखी’ म्हणून पुरलेल्यांची संख्या त्यामुळे नक्कीच घटली असणार. एका डॉक्टरमागे साधारण 70 ते 80 रुग्ण असा हिशोब होता.

आता मुदपाकखाना. माझ्या दृष्टीने चिंबोराझोचा खरा इतिहास इथे आहे, आणि बहुतेक लेख तो दोन ओळींत उरकतात.

शिपायाला रोजचा शिधा ठरलेला असतो. आजारी माणूस तो पूर्ण खाऊ शकत नाही, आणि मांस-पीठ त्याच्या उपयोगाचंही नसतं. म्हणून रुग्णालयाला न उचललेल्या शिध्याचे पैसे मिळत आणि त्यातून दूध, अंडी, कोंबड्या, भाजी घ्यायची मुभा असे. 1862 च्या सप्टेंबरच्या कायद्याने हा दर माणशी रोज 1 डॉलरपर्यंत नेला, पुढे तो अडीच डॉलरपर्यंत चढला. पण दक्षिणेच्या कागदी डॉलरची किंमत त्याहून झपाट्याने घसरत होती. 1863 च्या एप्रिलमध्ये रिचमंडच्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरून दुकानं फोडत होत्या. अशा बाजारात नुसता पैसा हातात असून भागत नाही.

मॅकॉ यांचं शहाणपण इथे दिसतं. त्यांनी रुग्णालयाला स्वतंत्र लष्करी ठाण्याचा दर्जा मिळवला आणि स्वतः ठाण्याचे प्रमुख झाले. त्यामुळे खरेदी-विक्रीचे निर्णय वरच्या कचेरीत अडकत नसत. मग रुग्णालयाची स्वतःची बेकरी, रोज 7,000 ते 10,000 पाव. बिअर गाळायची भट्टी, साबणाचा कारखाना, बर्फघरं. शेजारच्या ट्री हिल या मळ्यावर चराई: सुमारे 200 गायी आणि काहीशे शेळ्या. आणि ‘चिंबोराझो’ याच नावाची एक मालवाहू होडी, जी कालव्याने लिंचबर्ग आणि लेक्सिंग्टनपर्यंत जाऊन धान्य-भाजीपाला आणायची. शेतकऱ्यांना नोटा नको असत, म्हणून होडीवाले बदल्यात सुती धागा आणि बूट देत.

(इथे एक आडवळण. दक्षिणेत सुताचा असा चलनासारखा वापर चालू होता, कारण बंदरांच्या नाकेबंदीमुळे तिचा कापूस बाहेर जाईना. त्याच तुटवड्याने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची चांदी झाली, प्रेमचंद रायचंद यांचा काळ तो हाच. 1865 मध्ये इकडे युद्ध संपलं आणि तिकडे मुंबईचा शेअर बाजार कोसळला.)

अन्न आलं तरी ते योग्य तोंडात पडायला हवं. डॉक्टर प्रत्येक रुग्णाचा आहार लिहून देत: पूर्ण, अर्धा, हलका. हलका आहार सामान्य मुदपाकखान्यात नासतो. तिथे एकच रस्सा शेकडो जणांसाठी उकळतो, आणि विषमज्वराच्या रुग्णाला घट्ट अन्न दिलं तर आतड्याला भोक पडून तो जाईल, अशी तेव्हा भीती असे. म्हणून वेगळं स्वयंपाकघर आणि त्यावर जबाबदार माणूस लागतो. 1862 च्या त्याच कायद्याने प्रत्येक रुग्णालयात दोन मुख्य मेट्रन, दोन साहाय्यक आणि प्रत्येक वॉर्डाला दोन मेट्रन मंजूर केल्या. पगार अनुक्रमे 40, 35 आणि 30 डॉलर महिना. चार्ल्सटनच्या ज्यू घराण्यातल्या फीबी येट्स पेम्बर या विधवा बाई त्याच डिसेंबरात दुसऱ्या गटाच्या मेट्रन म्हणून रुजू झाल्या.

त्यांची सगळ्यात मोठी लढाई व्हिस्कीवरून झाली. त्या काळी व्हिस्की हे औषध होतं, ग्लानीतल्या रुग्णाला ती मापाने दिली जाई. कायद्याने तिचा ताबा मेट्रनकडे दिला होता, पण पिंप आधी कर्मचाऱ्यांच्या आणि काही डॉक्टरांच्याही हाताखालून जायचं. पेम्बरबाईंनी किल्ली स्वतःकडे घेतली आणि मरेपर्यंतचं वैर ओढवून घेतलं. 1865 च्या एप्रिलमध्ये शहर पडल्यावर काही जण पिंप न्यायला आले, तेव्हा बाईंनी त्यांना पिस्तूल दाखवून परत पाठवलं. हा प्रसंग गमतीने सांगितला जातो. पण कुठल्याही टंचाईतल्या रुग्णालयाचा हिशोब तपासताना सगळ्यात आधी काय गायब होतं, हे इथे छान कळतं.

आणि ही सगळी यंत्रणा कोण हाताने चालवत होतं? स्वयंपाक, धुणं, मलमूत्राच्या बादल्या, पाणी, लाकूड, रात्रीची शुश्रूषा यातलं फार मोठं काम गुलाम केलेले कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष करत. रुग्णालय त्यांना मालकांकडून भाड्याने घेई, पैसे मालकाला जात. आघाडी जवळ आली की मालक त्यांना परत नेण्याची घाई करत आणि वॉर्ड ओस पडत. चिंबोराझोच्या यशाबद्दल लिहिताना मॅकॉ आणि पेम्बर ही दोन नावं येतात, पण ज्यांच्या हातांनी चादरी उकळल्या त्यांची नोंद पगारपत्रकात मालकाच्या नावापुढे मिळते. तुम्ही या विषयावर काही लिहिणार असाल तर हे वगळू नका. मृत्युदर खाली ठेवण्यात त्या उकळलेल्या चादरींचा वाटा कुठल्याही शल्यविशारदापेक्षा जास्त होता, असं माझं ठाम मत आहे.

औषधं आणि शस्त्रक्रिया यावर मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचा परिणाम तुलनेने थोडा होता. क्लोरोफॉर्म होतं, त्यामुळे दातात गोळी धरून पाय कापल्याची दृश्यं बहुतांशी सिनेमातली समजा. क्विनाइन नाकेबंदी चुकवून येई. ते संपलं की डॉगवुड, पॉप्लर, विलो या झाडांच्या सालींचं मिश्रण दारूत भिजवून देत. ताप थोडा उतरे, मलेरिया जात नसे. अवयव कापण्याचं काम शक्यतो जखम झाल्यापासून एक-दोन दिवसांत, म्हणजे आघाडीजवळच होई. चिंबोराझोला त्यानंतरचा भोग येई. धमनी बांधलेल्या दोऱ्याचं टोक जखमेबाहेर लोंबत ठेवलेलं असे आणि तो सुटून यायची वाट बघत. पू झालेल्या जखमेत धमनीची भिंत कुजली की आठ-दहा दिवसांनी अचानक रक्त उसळे, आणि जवळ बोटाने दाबून धरणारं कोणी नसेल तर काही मिनिटांत खेळ संपे. रक्तात पू भिनला तर शंभरातले जेमतेम दोन-चार वाचत. कोथ (गँगरीन) झालेल्याला वेगळ्या तंबूत नेऊन, क्लोरोफॉर्म देऊन नायट्रिक आम्लाने जखम जाळत. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. टाक्यांसाठी रेशीम मिळेना, म्हणून दक्षिणेचे डॉक्टर घोड्याचे केस वापरू लागले. ते ताठ असतात, म्हणून मऊ करण्यासाठी उकळत. का फायदा होतो हे त्यांना कळलं नाही, पण टाके निर्जंतुक होत होते.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की पुढे स्वतः काही तपासता येईल का. येईल. मूर यांच्या कचेरीची दप्तरं 1865 च्या एप्रिलमध्ये रिचमंडच्या आगीत जळाली, पण चिंबोराझोच्या बऱ्याच नोंदवह्या वाचल्या आणि त्या आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 109 क्रमांकाच्या संग्रहात आहेत. त्यात नाव, हुद्दा, पलटण, कंपनी, आजार, दाखल्याची तारीख आणि पुढे काय झालं याचे रकाने असतात. सुरुवात एकाच गटाच्या एका महिन्यापासून करा. 1862 चा जून-जुलै, म्हणजे रिचमंडजवळच्या सात दिवसांच्या लढायांचा काळ, मुद्दाम टाळा. तेव्हा गर्दी इतकी होती की नोंदी त्रोटक आहेत, आणि तोच महिना घेतला तर दर फसवा येईल. 1863 चा एखादा शांत हिवाळी महिना घ्या. आजारांची नावं लॅटिनमध्ये असतील: ‘व्हल्नस स्क्लोपेटिकम’ म्हणजे बंदुकीच्या गोळीची जखम, बरेचदा नुसती दोन आद्याक्षरं असतात. ‘फेब्रिस टायफॉइडेस’ म्हणजे विषमज्वर, ‘रुबिओला’ म्हणजे गोवर. ‘डेबिलिटास’ म्हणजे अशक्तपणा. हा शेवटचा शब्द दिसला की सावध व्हा. त्याखाली क्षय, भूक, जुनी हगवण आणि युद्धाला कंटाळणं, सगळं मावतं.

नाव आणि पलटण जुळवून दुबार दाखले बाजूला काढा. मग रजेवर गेलेल्यांना वेगळं मोजून दोन दर काढा: ते सगळे जगले असं धरून एक, आणि त्यांना हिशोबातूनच वगळून दुसरा. खरा आकडा या दोहोंच्या आसपास सापडेल. मृतांची बाजू पडताळायची असेल तर ओकवुड दफनभूमीच्या याद्या आहेत. पण तिथे शहरातल्या इतर रुग्णालयांतलेही पुरलेले आहेत आणि एकूण संख्या 16,000 च्या पुढे जाते. 20 टक्क्यांसारखे फुगलेले दर अशा मिसळीतूनही निघू शकतात, म्हणून ती यादी रुग्णालयाचं नाव असलेल्या नोंदींपुरतीच वापरा.

आणि पुन्हा संग्रहालयात गेलात तर एवढं लक्षात असू द्या: ती इमारत 1909 मध्ये हवामान खात्यासाठी बांधलेली आहे, रुग्णालयाची एकही बराक आज उभी नाही. बाहेर येऊन टेकडीच्या कडेला उभे राहा आणि उताराकडे बघा. पाणी कुठे वाहून जात होतं, ते तिथून दिसतं.